निरोपाची वेळ

ट्रक चालवत होतो, गास्त्रेच्या अलीकडे,
जिथे रस्ता म्हणजे खडीचा नुसता अंदाज,
आणि रेडिओवर माझंच नाव आलं:
"फाउस्तिनो किलाकेओ, सोलरवाले.
दोन्या एर्मिनिया कळवतात की
तू बसवलेला उजेड चांगला आहे.
आवाज तेवढा परत घेऊन जा."

पुढचा निरोप कुणाच्या तरी पिठाच्या पोत्याचा,
त्यापुढचा, ऑपरेशन नीट झालं, काळजी नको.
हसलो. मग सुचलं,
लोकरीच्या ट्रकवाल्याकरवी चिठ्ठी धाडलेली हिनं,
आणि ती वाचली गेली तेव्हा
तिच्याच घरात ऐकू आली नसणार.

नव्वद किलोमीटर. वारा समोरून.

रेडिओ फळीवर, पाठीचं झाकण हरवलेलं,
सेल चामड्याच्या पट्टीनं बांधलेले.
तिनं बटण फिरवलं.
डब्यात कोंडलेल्या माशीसारखी भिणभिण,
मागे, खूप मागे, माणूस बोलतोय.
"मार्चपासून हे असं.
पोरगा कोमोदोरोला तेलाच्या विहिरींवर.
त्याचा निरोप आला: येतोय घर्रर्र गुरुवारी.
सांग, कुठल्या गुरुवारी?
पाच गुरुवार मी कोकरू कापायचं की नाही ठरवत बसले."

मी रेडिओ हातात घेऊन सावकाश फिरवला.
आत एक काळी कांडी असते, बोटाएवढी.
तिचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला ती बहिरी.
म्हटलं, ज्याचं ऐकायचं नाही
त्याच्याकडे टोक करायचं.
"माझा नवरा असाच बसायचा," ती म्हणाली,
आणि मातेची नळी माझ्याकडे केली.

पण स्टेशन आणि माझा डबा एकाच रेषेत.
माशी मरायची तर माणूसही मरायचा.
मग एकेक करून सगळं बंद केलं:
एलईडीचा दिवा. काही नाही.
मोबाइलचा चार्जर (इथे रेंज नाही,
नातवंडांचे फोटो बघायला असतो). थोडा फरक.
शेवटी भिंतीवरचा इन्व्हर्टर,
माझाच, माझ्याच स्क्रूंवर लटकलेला.
खट्.

आणि खोलीत एकदम जागा झाली.
निवेदिकेनं पान उलटलं, तेसुद्धा ऐकू आलं.

त्या दुपारी माझ्याजवळचं सगळं खर्ची घातलं.
वायरींना पीळ दिले, त्यांवर फेराइटची कडी चढवली,
डबा मेंढ्यांच्या गोठ्यात हलवला, चाळीस पावलं लांब.
खिडकीच्या जुन्या चौकटीला तांब्याचे वीस वेढे देऊन
ती रेडिओशेजारी टेकवली.
एर्मिनियानं डोकं कलतं करून ऐकलं,
लोकर पारखताना करते तसं.
"अर्धी मेली," म्हणाली.
अर्ध्या माशीवर माझ्याकडे उपाय नव्हता.

पावणेआठला ती उठली,
गोठ्यापर्यंत गेली, स्वतःच खटका ओढून आली.
अंधारात आम्ही दोघं, आणि स्टोव्हची लाल फट.
रात्र पडली की मध्यम लहरी लांबून येतात:
चिलीचा कुणी पाद्री,
मॉन्तेविदेओचा चुकलेला गोल,
मग ते ओसरले आणि आपलं स्टेशन वर आलं.

निरोप सुरू झाले.
तिनं माते खाली ठेवला.
सतरा मी मोजले. तिच्यासाठी एकही नाही.
मी काहीतरी बोलणार तोच ती बूट चाचपू लागली.

"कानकेलांचा होता, ऐकलास ना?
आईला दवाखान्यातून सोडतायत,
शनिवारी फाट्यावर घोडं घेऊन या."
म्हटलं, ऐकलं असेल त्यांनीही.
पायात बूट चढवता चढवता
ती थांबली.
"त्यांच्याकडे पॅनेल कुणी बसवलं?"

माझ्या वहीत अकरा घरं होती.
कानकेल चौथे.
मी ट्रकची किल्ली शोधू लागलो, अंधारातच.